टोपीखालची मेलेली दाढ

मी एक जुनी दाढ हाय, मित्रांनो, अन् तीबी मेलेली. घाबरू नका, चावणार न्हाई. माझी नस काढून वर चकचकीत टोपी बसवलीय. तवापासनं मी अंधारात बसून जित्या दातांना भ्या दाखवते. तेवढीच करमणूक.

माझं मालक धोंडिराम आबा. उंब्रजजवळच्या गुऱ्हाळावर काहिलीत, म्हंजे दांडग्या कढईत, उसाचा रस आटवून गूळ करणारं गुळवे. पाक झाला का, ते माझ्याखाली बघायचं. पाकाची गोळी पाण्यात बुडवायची, दाढंखाली दाबायची. चिकटली तर अजून जाळ, कट्कन तुटली तर काहील उतरवा. मग गोळी थुंकायची. गुळव्यानं आपल्या काहिलीतलं गिळायचं न्हाई, ही त्यांच्या घरची रीत. लोक म्हणायचं, "आबाच्या दाढंची पारख लय भारी!" मी फुगून बसायची.

पण गोळी थुंकली तरी गोडवा फटीत मुक्कामाला. पयली शेजारीण किडली. तवाच्या डॉक्टरनं काय विचारलं न्हाई, नस काढली, टोपी चढवली. कडेनं कीड परत आत शिरली. नसच न्हाई, तर दुखणार कुठनं? बिचारी गुपचूप सडली अन् टोपीसकट निघाली. जीभ अजून त्या खड्ड्यात जाती, चाचपती, रिकामी परत येती. मला विचारती, "कुठं गेली गं?" मी काय सांगू?

मग मी किडले, मलाबी टोपी. अन् यंदा या बाजूची शेवटची जिती दाढ ठणकाय लागली. लेक दीपमालानं आबांना सांगलीला दाताच्या डॉक्टर संयोगिता मॅडमकडं नेलं.

"टोपी घाला अन् मोकळं करा," आबा म्हणालं. "सोमवारी गुऱ्हाळ हाय."

"आधी सांगा, गोड किती खाता?"

"आवं, चा बिनसाखरंचा पितो! गुळाचा खडा जन्मात गिळला न्हाई."

"पुरणपोळीलाबी हात लावत न्हाईत," दीपमाला म्हणाली.

"मग एकाच बाजूच्या तीन दाढा कशा किडल्या? काम काय करता?"

आबा ऐटीत सांगाय लागलं. गोळी, दाढ, थुंकणं, दिवसातनं तीस डाव. मॅडमनी तोंडात घातलेला आरसा खाली ठेवला.

"आबा, गिळलं का थुंकलं, दाताला कळत नाही. चिकटलेलं तेवढं कळतं. हे थांबलं नाही, तर नुसती टोपी घालून ही दाढसुद्धा जाईल."

आबा म्हणालं, "म्हंजे माझ्या दाढा मीच खाल्ल्या व्हय? अन् गोळी चावली न्हाई, तर मी गुळव्या कसला?"

मॅडमनी कीड काढून दाढ भरली. टोपी घातली न्हाई.

सोमवारी पयली काहील. सगळ्यांची नजर आबांवर. गोळी उचलली, हात सवयीनं ओठापतोर आला. जिती दाढ माझ्या शेजारी थरथरली. हात तिथंच थांबला. मग आबांनी गोळी पाण्याच्या पातेल्याच्या काठावर आपटली, कडक वाजती का बघाय. टण्ण!

"उतरवा रं!"

पाक जरा जास्त आटला, ढेप काळपट निघाली. "दुसरी बरी हुईल की," दीपमाला म्हणाली. आबांनी मान डोलवली अन् दुसऱ्या काहिलीला जाळ लावला.

मित्रांनो, दातावर टोपी चढवायच्या आधी दात का किडला ते हुडका. डॉक्टरला सगळं सांगा, थुंकलेलंबी सांगा. अन् एक इनंती. माझ्या टोपीच्या कडेला सध्या काय चाललंय, मला कळत न्हाई. मला दुखतच न्हाई. कुणीतरी आरसा घालून बघा की.