पाचवी खाडीपलीकडे

"मेला हा पंखा! रोज सकाली कानात खिळा ठोकतो," शाळेच्या खिचडीचे तांदूळ निवडता निवडता बायडीआजी पुटपुटली.

मित्रांनो, तो मेला पंखा म्हणजे मी. मी एक जुना पंखा आहे, पण वारा घालणारा नव्हे. होडीच्या मागे पाण्याखाली फिरणारा. चंद्रभान तांडेलांची होडी मी कित्येक हंगाम ढकलली. मासळी भरून आली की लोक होडीला हार घालत. माझ्याकडे कोण बघणार? एकदा खडकावर आपटून माझं एक पातं तुटलं. तांडेलांनी मला भंगारात न देता गावच्या प्राथमिक शाळेला दिलं. तेव्हापासून मी ओट्यावरच्या वाशाला टांगलेला आहे आणि सळईचा मार खातो आहे. मार खाल्ला की घंटा, एरवी पंखाच.

दर्यातलं वर्ष सोपं होतं. पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर, नारळी पुनवेला नारळ वाहिला की पुन्हा पाण्यात. शाळेचं वर्ष उलटं. दर्या मिटतो तेव्हा जूनमध्ये ते उघडतं. दिवाळीपर्यंत पहिलं सत्र, दिवाळीनंतर दुसरं, एप्रिलात परीक्षा, एक मेला झेंडा आणि निकाल. मग मी महिनाभर नुसता लटकतो. आमच्याकडे वर्ग चौथीपर्यंतच. पाचवी खाडीपलीकडच्या मोठ्या शाळेत. इथून दाखला काढायचा, तिथं नाव घालायचं, एवढंच. सरकारी वेळापत्रकात ती खाडी कुठं दिसत नाही.

मला वाजवते वैष्णवी, बायडीआजीची नात. ती यंदाच चौथी पास झाली. निकालाच्या दिवशी दमयंतीबाईंनी, म्हणजे शाळेच्या एकुलत्या एक बाईंनी, तिच्या बापाला विचारलं, "विश्रामभाऊ, दाखला कधी नेताय?"

"शाला उघडू दे, बाई. मग बघू."

शाळा उघडली. वैष्णवी धाकट्या चिंतूला कमरेवर घेऊन आली, मला वाजवलं आणि पुन्हा चौथीच्याच रांगेत जाऊन बसली. कोणी तिला उठवलं नाही. तिची आई सुगंधा सुक्या मासळीची पाटी घेऊन सकाळीच बोईसरच्या बाजाराला जाते. इथं चिंतू आजीच्या नजरेखाली राहतो. खाडीपलीकडे कमरेवर भाऊ घेऊन पाचवीत कोण बसू देणार? सोय बाईंचीही झाली. वर्ग चार आणि बाई एकट्या. त्या तिसरीचा भागाकार घेत, तोवर वैष्णवी पहिलीतल्या पोरांचा हात धरून अक्षरं गिरवून घेई. "माझी छोटी बाई गं ती!" बाई कौतुकानं म्हणत. मित्रांनो, कौतुक मीही पुष्कळ ऐकलं आहे. त्यानं पातं पुन्हा उगवत नाही.

जुलैत बाईंनी पुन्हा विचारलं. विश्राम जाळं शिवत बसला होता. "पुनव होऊ दे, बाई. होडी पाण्यात गेली की बघू." पुनव झाली. होडी गेली, तिच्यासोबत विश्रामही दर्यात गेला. मग सुगंधा म्हणाली, "गणपती होऊ देत." आमच्या गावाला नाही म्हणता येत नाही. म्हणून तर इतके सण लागतात.

मोडकी वस्तू दुसऱ्या कामी लागली तर ते तिचं भाग्यच. माझं पातं तुटलं होतं. पण त्या पोरीचं काय तुटलं होतं? मित्रांनो, तुमच्या शाळेत अशी कुणी मागे थांबलेली दिसली, तर शाबासकी देऊन तिला आणखी थांबवू नका. एवढंच मागणं या थकलेल्या पंख्याचं.

ऑगस्टातली चाचणी आली. मी वाजलो. बाई पेपर वाटू लागल्या. वैष्णवीही पेन काढून बसली होती.

"बाई, मला?"

बाईंचा हात थबकला. "तुझं नाव इथं नाही ना आता, बाळा. आणि ही चाचणी तू गेल्या साली दिलीस की."

"मग पाचवीची कुठं हाय?"

बाई खिडकीबाहेर बघू लागल्या. "गणपती होऊ देत, मग बघू. तोवर जरा पहिलीवर लक्ष ठेव."

वैष्णवीनं पेन दप्तरात ठेवलं. चिंतूला उचललं आणि पहिलीच्या पोरांत जाऊन बसली.

दारात बायडीआजी पळी घेऊन उभी होती. खिचडी चुलीवर करपत होती, तरी ती हलेना.

"बाई, आजून किती सण दाखवाल तिला?"

"आजी, मी विश्रामभाऊंना किती वेळा..."

"त्याला नका मधी घेऊ. तो दर्यात हाय. हितं तुमी नि मी हाव." म्हातारीनं पळी वैष्णवीकडं रोखली. "आमची पोर शालेत नाय येत, बाई. आमी तिला कामाला धाडतो. नि तुमी ठेवून घेता."