डागाचा खुलासा

मा. व्यवस्थापक यांस,

काल एका पांढऱ्या झबल्यावर रक्ताचा डाग निघाला, त्याबद्दल माझ्याकडून लेखी खुलासा मागितला आहे. डाग माझ्या हाताचा आहे. विषय संपला.

(संपला नाही. सुपरवायझर मॅडमनी कागद परत दिला. "हा खुलासा आहे की चिठ्ठी? कारण लिही.")

मा. व्यवस्थापक यांस,

मी तपासणीच्या टेबलावर नऊ वर्षं आहे. आपण टेबलाजवळ कधी फिरकला नाहीत, म्हणून काम काय ते सांगते. बाळाचं झबलं उलटं करायचं, आत कोपरापर्यंत हात घालायचा आणि मनगटाच्या आतल्या बाजूने सगळ्या शिवणी चाचपायच्या. बोटांचा उपयोग नाही, बोटं राठ होतात. मनगटाच्या आतली कातडी बाळाच्या कातडीच्या जवळची असते. दोऱ्याची गाठ, टोचणारं लेबल, सुईचा तुकडा, सगळं डोळ्यांच्या आधी तिला कळतं. बाही कोपराच्या वर गुंडाळलेली हवी हा कारखान्याचाच नियम. त्यामुळे गेले सात महिने माझा हात सगळा कारखाना बघतोय.

बघण्यासारखं आहेच. हाताच्या बाहेरच्या बाजूला, दंडांवर, पोटऱ्यांवर टाचणीच्या डोक्याएवढ्या पुटकुळ्या. खाज अशी की स्वतःची कातडी काढून खुंटीला टांगावी वाटते. खाजवलं की खपली, खपली निघाली की काळा डाग. मनगटाची आतली बाजू मात्र अजून कोरी आहे. काम ती करते.

टेबलावर आम्ही सहाजणी. त्यातल्या सगळ्यात मोठ्या काकू. माझ्याच नव्हे, सगळ्यांच्याच काकू. पुटकुळ्या पहिल्यांदा दिसल्या त्या दिवशी त्या म्हणाल्या, "अगं, डासांना जेवायला बोलावतेस की काय?"

"पंगती उठतायत, काकू."

"मग दक्षिणा तरी माग मेल्यांकडून."

तेव्हा हसलो होतो.

(मॅडम म्हणाल्या, "काकूंचे विनोद कशाला? हे खोड. आणि नीट ऐक. खरूज लिही. खरूज झाली होती, उपचार चालू आहेत. आठ दिवस घरी बस, बरी झाल्याचा दाखला आण, टेबल तुझंच. दुसरं काही लिहिलंस तर माझ्या हातात काही राहणार नाही."

"दुसरं काही म्हणजे काय, मॅडम?"

"मला तोंड उघडायला लावू नकोस.")

मा. व्यवस्थापक यांस,

मला खरूज झा

मा. व्यवस्थापक यांस,

नाही. खरूज हा शब्द माझ्याकडून यापुढे लिहून होणार नाही. सात महिन्यांत तो चार डॉक्टरांनी लिहिला. पहिल्याने टेबलापलीकडून, माझा हात हातात न घेता. दुसऱ्याला मी स्वतःहून सांगितलं की मला एचआयव्ही आहे. त्याने खुर्ची मागे सरकवली आणि आणखी लांबून खरूज लिहिली. तिसऱ्याने माझ्याकडे न बघता आधीच्या दोघांचं उतरवून घेतलं. चौथा म्हणाला, "अंघोळ करत जा." मी रोज दोनदा करते. त्याच्या अंगाला घामाचा वास येत होता.

चारही वेळा तेच मलम, मानेपासून तळपायापर्यंत, घरातल्या प्रत्येकाने. मी भावाकडे राहते. भाऊ, वहिनी, दोन भाच्या, सगळे रात्रभर मलम थापून बसायचे. चादरी उकळायच्या, गाद्या उन्हात टाकायच्या. चौथ्या वेळी वहिनीने मलमाची बाटली आपटली. "वन्सं, बास झालं! तुमचं जाईना आणि आम्हाला कधी झालंच नव्हतं. एकाच बिछान्यात पोरी झोपतात तुमच्याजवळ, एकीने तरी अंग खाजवलंय का आजवर?"

वहिनी सातवीपर्यंत शिकलेली आहे. चार डॉक्टरांना जो प्रश्न सुचला नाही तो तिला रागाच्या भरात सुचला.

आता माझी चूक. तीही लिहिते, कारण ती मी इथेच शिकले. एचआयव्हीच्या गोळ्या सुरू केल्या आणि तिसऱ्या आठवड्यात अंग जास्तच भडकलं. आपल्याकडे एकाच मशीनचे सलग तीन नग सारखेच बिघडलेले निघाले की आम्ही विचारत बसत नाही, लाल बटण दाबतो. मशीन आधी बंद, चौकशी नंतर. मी गोळ्या बंद केल्या. कोणाला विचारलं नाही. दहा आठवडे. पुटकुळ्या गेल्या नाहीत. सहा किलो वजन गेलं.

पाचवी डॉक्टर बाई होती. तिने माझा हात स्वतःच्या हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, पुटकुळी दाबून बघितली. विचारलं, "घरात आणखी कोणाला खाज?"

मला एकदम रडू आलं. रागाने. हा प्रश्न विचारायला किती पैसे पडतात?

गोळ्यांचं सांगितलं, लाल बटणाचंही सांगितलं. ती म्हणाली, "अहो, मशीन तर तेव्हा कुठे चालू होत होतं." मग समजावलं. अंगातली ताकद फार खाली गेली की किड्या-मुंगीच्या साध्या चाव्यावरही कातडी अशी चवताळते. गोळ्यांनी ताकद परत यायला लागली की सुरुवातीला काहीजणांचं आणखी भडकतं. तेव्हा धावत दवाखान्यात यायचं, गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. पुटकुळ्यांची लागण कोणाला होत नाही. गोळ्या नियमित चालल्या की हळूहळू उतरतील, पण महिने लागतील.

"हे आधी कोणी सांगितलं नाही तुम्हाला?"

"सांगायला जवळ यावं लागतं, डॉक्टर."

आठ दिवसांत बरी झाल्याचा दाखला मी कुठून आणू? आणि खरूज लिहिली तर उद्या टेबलावरच्या पाचजणींना मानेपासून तळपायापर्यंत मलम. त्यांच्या घरांतल्या चादरी उकळणार, त्यांच्या सासवा त्यांना बोल लावणार. नसलेल्या रोगासाठी. मग महिन्याभराने माझा हात असाच असणार आणि खोटारडीही मीच ठरणार.

डागाचं कारण : खपली शिवणीत अडकली. डाग पडला की नग बाद, आणि तो मीच बाद केला. वाळलेल्या डागाने एचआयव्ही कोणाला होत नाही. काकूंच्या बोटात सुई गेली होती तेव्हा तीन झबली लाल झाली होती. त्यांच्याकडे खुलासा मागितला नव्हता. त्यांना चिकटपट्टी दिली होती.

मला एचआयव्ही आहे. कुठून झाला हे ज्याला विचारायचं त्याला मी विचारलं होतं, तो आता उत्तर द्यायला नाही. आपण विचारू नये. गोळ्या पुन्हा सुरू आहेत. खपल्यांवर पट्टी बांधून येईन. टेबल सोडणार नाही.

*

हा शेवटचा कागद घेऊन सकाळी मॅडमच्या खोलीत गेले. त्यांनी मान वर केली नाही. "ठेव तिथे."

"हातात घ्या."

"ठेव म्हटलं ना."

"कागद आहे मॅडम, चावत नाही. हातात घ्या."

मी हात पुढे धरून उभी राहिले. बाहेर मशीनं सुरू झाली. दारातून एक-दोन तोंडं डोकावून गेली. बऱ्याच वेळाने मॅडमनी कागद ओढून घेतला, उभ्यानेच वाचला आणि खाली बसल्या.

"हा वर गेला की टेबल जाईल तुझं."

"पाठवा."

"निर्णय होईपर्यंत पॅकिंगला जा."

"मी तपासनीस आहे."

"तुला माल मिळणार नाही आज."

खरंच, माझ्या जागेवर ढीग नव्हता. शेजारणींच्या माना खाली. मॅडमच्या खोलीचा पत्रा पातळ आहे, सगळं ऐकू आलं असणार. मी पट्टी घट्ट केली, बाही कोपराच्या वर गुंडाळली आणि काकूंच्या ढिगाकडे हात नेला.

"माझ्या ढिगाला हात लावू नकोस!" काकू केवढ्याने तरी ओरडल्या. माझं रक्त डोक्यात चढलं. नऊ वर्षं शेजारी बसून हे? तोंडातून काय निघालं असतं कोण जाणे.

"अगं, वरचे माझे बघून झालेत," काकू म्हणाल्या. "मरमर करून बघितलेत आल्यापासून. खालचे घे, खालचे."

राग उतरायला तयार नव्हता. तो घेऊनच मी खालचा गठ्ठा ओढला, पहिलं झबलं उलटं केलं आणि आत हात घातला.