गाडीला कास्टच लागेल

रविराजने टेम्पो दुकानासमोर उभा केला आणि खाली उतरायच्या आधीच म्हणाला, "वहिनी, दसऱ्याला गाडी तयार पायजे."

मी म्हटलं, "दसऱ्याला होणार नाही."

आता गिऱ्हाईकाशी असं बोलतात का? आमच्या आबांचं तेच म्हणणं. आबा म्हणजे माझे सासरे, केरू पेंटर. दिंडोरी रोडवरचं हे दुकान त्यांचंच. उभा जन्म त्यांनी ट्रकांवर मोर आणि कमळं रंगवली. हात थरथरायला लागला तेव्हा मी कटिंगची मशीन आणली आणि दुकान रेडियमचं झालं. नंबर प्लेटा, काचेवरची नावं, रिक्षामागचे 'आईचा आशीर्वाद', सगळं केलं. पण अख्खी गाडी व्हिनाईलच्या छापील स्टिकरने मढवायचं काम आलं ते थेट २००७ साली, रविराजचं.

रविराज दिंडोरीकडचा द्राक्षवाला. टेम्पोच्या तिन्ही बाजूंनी त्याला हिरवेगार घड पाहिजे होते. त्याच्या भावकीत आणखी टेम्पो होते आणि सगळे याच्याकडे बघून ठरवणार होते. हे काम टिकलं तर मी गाड्या मढवणारी शुभांगी, उखडलं तर जन्मभर नंबर प्लेटा. आणि नंबर प्लेटांचा मला वीट आला होता, स्पष्टच सांगते.

"गाडी धुता कशानं?" मी विचारलं.

"फवारणीच्या पंपानं. ट्रॅक्टरला गन हायेच की! चिखलाचा कण राहत नाय."

झालं! मी कपाळावर हात मारला. बागेवर औषध मारायची गन, तिच्या माऱ्यापुढे स्टिकरची काय कथा?

"ऐका," मी म्हटलं. "साधं व्हिनाईल असतं दुकानाच्या सपाट बोर्डासाठी. ते रोलरखाली दाबून, ताणून बनवतात. उन्हात तापलं की आकसतं. तुमच्या टेम्पोच्या पत्र्याला खाचा आहेत, रिव्हेट आहेत. तिथं ते कडा सोडणार आणि पंपाचं पाणी कडेखाली घुसणार. याला कास्ट व्हिनाईल लागेल. ते ओतून बनवतात, त्यात ताणच नसतो. खाचेत बसलं की बसलं. पण रोल मुंबईहून यायला दसरा उलटेल. आणि लावल्यावरही आठवडाभर पंप बंद. बादली आणि फडकं."

"आन् दसऱ्याची पूजा?"

"पांढऱ्या टेम्पोची करा. देवाला काय पांढरा चालत नाही?"

तो हसला. "लय कडक हाय बुवा तुम्ही. बरं, कास्ट तर कास्ट. टेम्पो ठेवून जातो, माल आधी आला तर बघा."

तो गेल्यावर आबा आतून गुरगुरले, "प्लास्टिक ते प्लास्टिक! गिऱ्हाईक दारात आलंय आणि ही तारीख देते. कोर्ट आहे का हे?"

"माल येईपर्यंत साधं लावू नका, आबा," एवढंच मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी मखमलाबादला माहेरी गेले. आमच्याकडे झेंडू असतो, दसऱ्याआधी तोडणीला घरातला प्रत्येक हात लागतो. न आलेल्या लेकीला वर्षभर टोमणे खावे लागतात.

दसऱ्याला दुपारी झेंडूचं गाठोडं घेऊन परतले तर टेम्पो जागेवर नाही. आबा ओट्यावर ऐटीत बसलेले.

"गेला घेऊन सकाळी," ते म्हणाले. "घडांच्या चित्राची सीडी दुकानातच होती, आपल्याकडच्या साध्या रोलवर छापून आणलं. कारागीर हाताशी घेतला आणि लावून टाकलं. तुझ्या मुंबईची वाट बघत बसलो असतो तर गिऱ्हाईक गेलं असतं."

मी गाठोडं तिथंच टाकलं. आणि संध्याकाळी, गल्लीतली माणसं आपट्याची पानं घेऊन एकमेकांना भेटत असताना, टेम्पो आला. उजव्या बाजूचे घड वरून सुटून चाकापर्यंत लोंबत होते. मागच्या दारावर नुसता गोंद होता, त्याला धूळ चिकटली होती.

रविराज लाल झाला होता. "पूजेच्या आधी धुतला. भावकी समदी उभी! पंप मारला आन् द्राक्षं उडाली की वो. लोक हसून हसून खाली बसले. सकाळी मी विचारलंबी, पंप चालंल का? आबा म्हणले, बिनधास्त चालव. लावलं कुणी हे?"

आबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. खणखणीत आवाजात म्हणाले, "सूनबाईनंच. मी ब्रशवाला माणूस, मला यातलं काय कळतं?"

सगळी गल्ली माझ्याकडे वळली. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. सासऱ्याला चारचौघांत खोटं पाडायचं, तेही दसऱ्याच्या दिवशी, हे आमच्याकडे कुणी करत नाही. पण मी गप्प बसले असते तर दिंडोरीत माझ्या हातात पुन्हा कुणी गाडी दिली नसती.

"मी लावलेलं नाही," मी म्हणाले. "मी माहेरी होते. लावू नका असं सांगून गेले होते."

"सूनबाई, आत जा."

"नाही जाणार! आबा, तुम्ही कधी ट्रकला भिंतीचा रंग लावलात? मालकाने हातापाया पडून सांगितलं तरी? इनॅमलच लागेल म्हणून गाड्या परत पाठवल्यात तुम्ही, तेव्हा लोक तुम्हाला बाणेदार म्हणाले. मी कास्टच लागेल म्हटलं तर मी उर्मट कशी?"

मी नव्या साडीचा पदर खोचला, टेम्पोपाशी गेले आणि लोंबणारी पट्टी ओढायला सुरुवात केली.

"गाडी इथंच राहू द्या," मी रविराजला म्हटलं. "गोंद काढायला वेळ लागेल. रोल आला की कास्टच लावीन."

"आन् आबांनी दुकानात येऊ दिलं नाय तर?"

"तर इथं रस्त्यावर लावीन. रस्ता कुणाच्या बापाचा नाही."

कुणीतरी हसलं, कुणीतरी त्याला गप्प केलं. मी ओढत राहिले. डोळ्यांत पाणी आलं होतं, रागाचंच. पाठीमागे आबा ओट्यावरून उतरल्याचं कळलं. घसा खाकरून ते काहीतरी पुटपुटले.

"काय म्हणता आबा?" रविराजने विचारलं.

"मी लावलं म्हणतोय. ती नव्हती."

मी वळले नाही. "मोठ्यानं सांगा, आबा. मघाशी माझं नाव घेतलंत ना, तेवढ्या मोठ्यानं."

मग केरू पेंटरचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला.

"मी लावलं! सून नको म्हणाली होती, तरी मी लावलं!"