चढवणारे हात

आपल्याला वाटतं, जॉकी टुणकन उडी मारून घोड्यावर बसतो. कसलं काय! शर्यतीच्या घोड्याची पाठ जॉकीच्या डोक्याएवढी उंच, रिकिबी आखूड, पाय पोचणार कसा? तो डावा गुडघा मागे दुमडून उभा राहतो, घोड्याची निगा राखणारा मोतद्दार त्याची नडगी धरतो आणि वर उचलून देतो. इंग्रजी बोलणाऱ्यांनी म्हणे यावरूनच वाक्प्रचार केला. कुणाला आयता फायदा मिळाला, की ‘लेग अप’ मिळाला म्हणायचं.

तिचे बाबा या तबेल्यात तीस वर्षं मोतद्दार. आज जॉकी म्हणून तिची पहिली शर्यत, आणि आठवडाभर सगळ्यांनी तिला त्याच शब्दावरून पिडलं होतं. “हिचं काय बाई, घरचाच लेग अप!”

बाबा म्हणजे नाकावर माशी बसू न देणारे. त्यांनी जाहीर करून टाकलं, “पोरीला मी हात लावणार नाही. चढेल तिची ती.”

झाली ना पंचाईत! तबेल्याच्या बाकी दोघा जॉकींना त्यांनी चढवलं, आणि ही आपल्या घोडीजवळ ताटकळत उभी. दोनदा उडी मारली, दोनदा घसरली. चढवायचं काम बाबांचं. त्यांच्या कामात हात घालायची कुणाची टाप नव्हती. घोडीवर बसली नाही तर शर्यतीतून बाद. ती रडायच्या बेतात आली.

त्या दोघांतला एक, गेल्या वर्षीचा विजेता, टोमणे मारण्यात सगळ्यांच्या पुढे असलेला, तोच घोड्यावरून खेकसला, “अहो काका, मला आत्ता कोणी चढवलं? इथे आपलं आपण चढलंय तरी कोण?”

बाबा आले. तिची नडगी धरली. “तीन म्हटलं की उडी.”

एक, दोन, तीन, आणि ती वर! कळलंसुद्धा नाही. लहानपणापासून हे शेकडो वेळा पाहिलं होतं, पण त्या खरबरीत हातांत एवढं बळ असेल, आणि तेही इतकं अलगद, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. आणि मैदान! केवढं ते! पार पलीकडच्या कुंपणापर्यंत हिरवंगार.

“बाबा, काय दिसतं हो इथून! तुम्ही बसलात कधी?”

बाबा लगाम सरळ करत होते. त्यांना हे आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

“मला गं कोण चढवणार?” म्हणाले, आणि घोडीला धरून चालू लागले.