डुकराच्या रुपयाची किंमत

भद्रकालीत माझं दुकान आहे. जुनी नाणी, वजनं, समया. गिऱ्हाईक पायरी चढतानाच मी त्याला खात्यात टाकतो. विकायला आलेला पिशवी छातीशी धरतो, विकून पस्तावलेला हात हलवत येतो. चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत सुमनबाई आल्या त्या दोन्ही खात्यांत बसेनात. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्यात चौकटीची शाळेची वही.

"नाणं नाही माझ्याकडे. ठसा आहे. त्यावरून किंमत सांगता येईल?"

वहीच्या मधल्या पानावर शिसपेन्सिलीने उमटवलेला रुपया होता, दोन्ही बाजूंनी. बाई चौथीला शिकवायच्या. कागदाखाली नाणं ठेवून वरून पेन्सिल घासायची, हा पोरांचा आवडता तास. नमुन्याला बाईंचा घरचा रुपया असायचा. निवृत्त झाल्या तेव्हा पोरांच्या वह्या रद्दीत दिल्या, ही ठेवली.

मी भिंग लावलं. पंचम जॉर्ज, १९११. आमच्या धंद्यात ह्याला डुकराचा रुपया म्हणतात. राजाच्या झग्यावर एक हत्ती आहे, तो असा काही उठला की लोकांना त्यात डुक्कर दिसलं. कुरकुर झाली, सरकारने रुपया मागे घेतला, म्हणून त्याला भाव.

"पेपरात आलंय, मुंबईत असा एक रुपया दोन हजारांना गेला," बाई म्हणाल्या. "मी अडीचशेला दिला. भिमाजींना. एकलहऱ्याला पॉवर हाऊसमध्ये आमच्या मिस्टरांबरोबर होते ते. मिस्टर वारले त्या वर्षी गॅसचं डिपॉझिट भरायचं होतं. आकडा त्यांनीच काढला, मी नाही."

"कधीची गोष्ट?"

"दोन वर्षं झाली. तेव्हापासून दर रविवारी येतात." बाई थांबल्या. "यायचे. पेपर वाचल्यापासून तीन रविवार मी दार उघडलेलं नाही."

मी पिशवीकडे पाहिलं. सवय आहे. पावशेर वांगी, एक लिंबू, आणि मारी बिस्किटांचा मोठा पुडा. एकटीच्या बाजारात मोठा पुडा बसत नाही. बाई राहायच्या त्या इंदिरानगरात तेव्हा घरांपेक्षा मोकळे प्लॉट जास्त. तिथे चुकून कोणी दार वाजवायचं नाही. म्हणजे बाई दारही उघडत नव्हत्या आणि बिस्किटंही आणत होत्या.

राजाच्या मुकुटावर ठसा गुळगुळीत होता. मी बोट ठेवलं. "इथे कडी होती?"

"सासूबाईंच्या माळेतला तो. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा सासऱ्यांनी घरातले देव गोदेत सोडले. माळही सोडायला निघाले. सासूबाई म्हणाल्या, ह्यावर राजा आहे, राजाला कशाला बुडवता? बाकीचे गेले, हा एक राहिला. मी सोनाराकडून कडी काढून घेतली, घासून."

"आणि पुसायचा कशाने?"

"चिंच आणि राख. दर चौदा एप्रिलला. बाबासाहेबांचा फोटो पुसायचा, भांडी काढायची, त्यात हाही. नवा दिसायचा."

हे त्या अभिमानाने बोलल्या. आमच्याकडे कळकट रुपयाला मान, घासलेल्याला नाही. पंचवीस वर्षांच्या चिंचेने हत्तीही गेला होता आणि डुक्करही. मी मनात मांडणी केली : चांदीचे चाळीस, सालाचे ऐंशी, कडीचा डाग आणि चिंच मिळून वजा पस्तीस. पंच्याऐंशी रुपये.

"कमी दिले असतील तर दार कायमचं बंद," बाई म्हणाल्या. "ते ठरलंय."

"आणि जास्त दिले असतील तर?"

"तर दोन वर्षं मी त्यांचं दान खाल्लं. नोकरीत खडूचा तुकडा घरी आणला नाही मी, शेठ."

म्हणजे दार उघडायला एकच आकडा होता. तीस वर्षांत मी गिऱ्हाइकांना खोटे भाव पुष्कळ सांगितले, पण नेहमी खालचे. वरचा त्या दिवशी पहिल्यांदा सांगितला.

"अडीचशेच. बरोबर भाव दिलाय."

"मांडून दाखवा."

मी चिठ्ठीवर लिहिलं, चांदी चाळीस, साल दोनशे दहा. बाईंनी चष्मा चढवला.

"डागावर आत्ता तुम्हीच बोट ठेवलंत. तो कुठे वजा केलात?"

मी वरच्या फळीवरच्या समयांकडे पाहू लागलो.

"पोरं हातचा विसरतात तेव्हा असंच छताकडे बघतात. खरं मांडा."

मी खरं मांडलं. बाईंनी ते ठशाखाली उतरवून घेतलं, वजाबाकी केली, एकशे पासष्ट, आणि खाली दोन रेघा मारल्या. गल्ल्याजवळ भाव काढल्याचे दोन रुपये ठेवले. मी नको म्हणालो तर म्हणाल्या, "तुम्ही पण?" आणि पिशवी उचलून गेल्या.

मार्चमध्ये एका सोमवारी एक उंच म्हातारा आला. अंगात कारखान्याचा खाकी शर्ट, कोपरावर ठिगळ. त्याने रुमालातून रुपया काढून काचेवर ठेवला. फोटोत पाहिलेलं माणूस समोर यावं तसा मी तो रुपया ओळखला.

"भिमाजी का?"

"व्हय. तुमाला कसं कळलं?"

"रुपयावरून. विकताय कशाला?"

"आता काय करू ठेवून? काल वहिनींनी दार उघडलं. मला वाटलं, चहा हाय. तर एकशे पासष्ट रुपये हातावर मोजले. म्हणल्या, हिशोब झाला भिमाजी. आन दार लावलं. खिट्टी बी सरकवली नाय, नुसतं लावलं."

"इतके जास्त दिलेच कशाला होते?"

"मला नाण्यातलं काय कळतं शेठ? तेवढेच खिशात होते, तेवढे दिले." तो खुर्चीच्या कडेला टेकला. "मित्र गेल्यावर त्याच्या घरी काय म्हणून जायचं? घेण्यादेण्याचं काही असलं म्हंजे जाता येतं. मी दर रविवारी ह्यो रुपया घेऊन जायचो. म्हणायचो, वहिनी, बघा, नीट ठिवलाय ना. त्या बघायच्या. मग चहा."

दोन वर्षांचे शंभर रविवार. एकशे पासष्ट भागिले शंभर. बिस्किटांसकट चहा एक रुपया पासष्ट पैशांना. भाव वाजवी होता, आणि ही ओळ मला जानेवारीत मांडता आली असती. चांदी धरली, साल धरलं, चिंचसुद्धा धरली. रविवार धरायचे राहिले. इंदिरानगरची बस माझ्या दुकानावरूनच जाते. जाऊन सांगावं असं मनात आलं. पण बाई पुन्हा म्हणाल्या असत्या, मांडून दाखवा, आणि एकदा खोटं बोलताना पकडलेल्या माणसाची दुसरी मांडणी कोण तपासतं?

मी भिमाजीला पंच्याऐंशी मोजून दिले. रुपया वजनांच्या मागे ठेवला. भावाची चिठ्ठी लावली नाही. चहा मागवला. त्याने तो बशीत ओतून, फुंकून, फार वेळ पुरवला.

"घरी डब्यात आणखी दोन-चार जुनी हायेत," उठताना तो म्हणाला. "फुडच्या रविवारी आणू का दाखवायला?"

"आणा. चहा घेऊ," मी म्हणालो.

रविवारी दुकान बंद असतं, हे त्याला सांगितलं नाही.