नदीपाशी अडलेलं टेबल

मी टेबल बोलतोय. खरं तर अर्धंच. माझी एक बाजू लांब, समोरची आखूड, उरलेल्या दोन तिरक्या. एकटा पाहिलात तर म्हणाल, सुताराचा हात चुकला. चुकला नव्हता. त्यानं माझा जोडीदारही याच मापाचा केला होता. लांब बाजूला लांब बाजू भिडवली की आमचा षटकोन व्हायचा आणि सहा पोरं समोरासमोर बसायची.

"बाई, टेबल हवंय की कोडं?" सुतारानं विचारलं होतं.

"कोडंच," इंग्रजीच्या बाई म्हणाल्या होत्या.

त्यांची शिकवण्याची रीतच तशी. एका गावाच्या नकाशाचे सहा तुकडे करायचे आणि प्रत्येकाला एकेक द्यायचा. कागद दाखवायचा नाही, तोंडानं सांगायचं, तेही इंग्रजीत. सगळ्यांचं ऐकल्याशिवाय दवाखान्याची वाट कुणालाच सापडायची नाही.

माझ्या तिरक्या कडेला एक मुलगी बसायची. पोरं तिला 'मौनीबाबा' म्हणायची. अर्धं वर्ष सरलं, तिच्या तोंडून इंग्रजीचा एक शब्द फुटला नव्हता. नखानं माझी कड खरवडत बसायची. चुकलं तर हसतील, ही धास्ती त्या नखातून मला कळायची.

एक दिवस सगळ्यांचं घोडं नकाशातल्या नदीपाशी अडलं.

"अगं, पूल तुझ्याच तुकड्यात असणार. बोल की!"

"तिला काय विचारतोस? भिंतीला विचार."

"भिंतीकडे नकाशा नाहीये, शहाण्या. हिच्याकडे आहे!"

तिच्या तळहाताचा ओला ठसा माझ्यावर उमटला. मग ती पुटपुटली, "ब्रिज ब्रोकन. गो... बोट."

कुणी हसलं नाही. हसायला सवड कुणाला होती? सहाही डोकी माझ्यावर झुकली. "बोट? व्हेअर बोट?"

"बिहाइंड स्कूल!" या वेळी ती चक्क ओरडली.

दवाखाना सापडला. बारा हातांनी मला बडवलं. एवढा मार मी खुशीनं कधी खाल्ला नाही.

नेमके तेव्हाच मुख्याध्यापक पाहुण्यांना घेऊन दारात उभे.

"बाई, हा वर्ग आहे की बाजार?"

"सर, ती बोलली!"

"सगळेच बोलताहेत, तेच तर म्हणतोय मी!"

दुसऱ्याच दिवशी फर्मान निघालं. सगळी टेबलं सरळ रांगेत, तोंडं फळ्याकडे. आम्ही तिरके, रांगेत कसे बसणार? जोडीदाराची रवानगी मुख्याध्यापकांच्या खोलीत झाली. तिथं त्याच्या डोक्यावर शिस्तीबद्दल मिळालेली ढाल आहे. मी इथं व्हरांड्यात, पाण्याच्या टाकीखाली. तोटी गळते, माझी लांब बाजू फुगत चालली आहे. उद्या जोडीदार परत आला तरी आमची कड जुळेल की नाही, कोण जाणे.

पाहुण्यांना मुख्याध्यापक अभिमानानं सांगतात, आता इंग्रजीच्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येते. मी विचारतो, भाषेच्या वर्गात टाचण्या ऐकायच्या असतात की माणसं? बाई फळ्यावर उत्तरं लिहितात, पोरं उतरवून घेतात. चूक कुणाचीच होत नाही, कारण बोलतच कुणी नाही. याला म्हणे शिस्त!

ती मुलगी मधल्या सुट्टीत पाणी प्यायला येते. पुन्हा मौनीबाबा झाली आहे. पेला माझ्यावर टेकवते आणि नखानं तीच तिरकी कड खरवडते. काल आजूबाजूला कुणी नाही असं पाहून ओठांतल्या ओठांत म्हणाली, "बिहाइंड स्कूल." ऐकायला मी एकटा. आणि मला उलटून विचारता येत नाही.

मला रंग देऊ नका, दुरुस्तही करू नका. पण पाणी प्यायला इकडे आलात, तर त्या पोरीला काहीतरी विचारा. ज्याचं उत्तर तुम्हाला ठाऊक नाही, असंच विचारा. नदी कुठून ओलांडायची, हे अजूनही तिलाच माहीत आहे.