दहाची बाही सहाची कशी झाली

नवरीच्या ब्लाउजची दहा इंची बाही मी सहावर कापली. अय्यो देवरे! म्हैसूर सिल्क, साडीबरोबर आलेलं तेवढंच कापड. चाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

म्हैसूरच्या सरस्वतीपुरमातलं हे शिलाईचं दुकान मी आणि माझा मुलगा धनुष चालवतो. तो ओरडला नाही, तेच जास्त झोंबलं. हळूच म्हणाला, "आई, उद्यापासून कात्री माझ्याकडे दे. तू सुम्मने गुंड्या लाव." सुम्मने म्हणजे उगाच, वेळ जावा म्हणून. मेले का मी?

आमच्यात मापं लिहीत नाहीत. सासूबाई सात मापं डोक्यात धरून कापायच्या, मीही तशीच. वही उघडून कापणाऱ्याला आमच्या घरी हसतात. आणि माझ्या डोक्यात दहा पक्कं होतं. मग हे सहा आलं कुठून? रागापेक्षा हाच किडा मला पोखरत होता.

दुपारी आमचं नेहमीचं गिऱ्हाईक ईश्वरी स्वतःचा ब्लाउज घालून बघायला आली. पुण्याची पोर, माणसाचं लक्ष कसं चालतं याचा अभ्यास करते. मी सरळच विचारलं, "माझं डोकं गेलं का गं?"

तिनं लॅपटॉप उघडला. "काकू, शब्द वाचायचा नाही. रंग सांगायचा."

हिरव्या अक्षरांत कन्नडमध्ये लिहिलेलं, 'केंपु'. म्हणजे लाल. मी ठणकावून सांगितलं, "लाल!" मग जीभ चावली. पुढच्यालाही तेच. "खोटारडं आहे तुझं यंत्र!"

ती हसली. "वाचायची सवय आपोआप धावते. तिला आवरायचं काम कपाळामागचा मेंदू करतो. त्याच्यावर आधीच ओझं असलं, की आवर सुटतो. बाही कापताना डोक्यात काय होतं?"

"सात मापं."

"आणि कानावर काय पडत होतं?"

मी आठवायला लागले. धनुष मागे फोनवर गिऱ्हाइकाला सांगत होता, सहा वाजता या, सहाला नक्की. अगं बाई! त्याचं सहा माझ्या कात्रीत शिरलं होतं.

"बघितलंस?" मी धनुषला म्हटलं. "डोकं माझं चांगलं आहे, तोंड तुझं वाईट आहे."

"असं कसं? मी बोलता बोलताच कापतो," तो म्हणाला.

मग परीक्षाच घेऊ म्हटलं. ईश्वरीनं जुन्या वर्तमानपत्राचे कागद मांडले. सात मापं सांगायची, एक बाही कापायची. शांततेत माझ्या दहापैकी दहा बरोबर. मला हसू आवरेना. मग ती शेजारी उभी राहून भलतेच आकडे बोलत राहिली. माझ्या चार चुकल्या. त्याच गोंधळात धनुषची एकच चुकली.

ईश्वरी कागद गोळा करत म्हणाली, "वय वाढलं की हा आवर थोडा सैल पडतो, काकू. बऱ्याच जणांचा."

थोडा! मला भोकाड पसरून रडावंसं वाटलं. पण डोळ्यांसमोर चार कागद पडलेले, कुणाशी भांडू? मीच धनुषला म्हटलं, "तुझं खरं आहे रे." आणि कात्री त्याच्या पुढ्यात ठेवली. त्यानं ती घेतली नाही. कितीतरी वेळ तो त्या बरोबर आलेल्या दहा बाह्याच बघत होता.

सकाळी दुकानात आले तर कापायच्या मेजावर नवरीकडच्यांनी आणून दिलेलं नवं सिल्क पसरलेलं. धनुषनं मापं सांगितली, सातही, सावकाश. मग आपला फोन बंद करून खिशात टाकला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसला. मी कात्री उचलली. तेवढ्यात कुणीतरी बाई आली, भराभर कन्नडमध्ये काही विचारायला लागली.

"स्वल्प थांबा," तो दबक्या आवाजात म्हणाला. "आई कापतेय."

माझे डोळे भरून आले. पण बाही दहाची कापायची होती. रडणं मी नंतरवर टाकलं.